मिस्टर स्मिथ उतरले ते गाव

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, ससेक्स परगण्यात, न्यूहेवन नावाचं एक बंदर आहे. या गावाला कुणी मुद्दाम जात नाही. लोक तिथे जातात ते फ्रान्सची बोट पकडायला, नाहीतर फ्रान्सहून आलेल्या बोटीतून उतरून लंडनची गाडी गाठायला. मधल्या स्टँडवर चहापुरती थांबलेली एसटी जशी, तशी या गावाची बाहेरच्या जगाशी ओळख. पूर्वेला सेव्हन सिस्टर्सचे पांढरेशुभ्र कडे आहेत, कॅलेंडरांवर हमखास असतात ते. पश्चिमेला पंधराएक किलोमीटरवर ब्रायटन. तिथे राजवाडा आहे, समुद्रात शिरलेला धक्का आहे, आईस्क्रीम आहे आणि उन्हाळ्यात पाय ठेवायला जागा नसते. या दोघांच्या मधे न्यूहेवन बसलंय. नदीकाठी भंगाराचे ढीग, खडीचे ढीग, कचरा जाळून वीज करणारा एक कारखाना, मासेमारीच्या होड्या आणि या सगळ्यातून वाट काढत समुद्राकडे जाणारी ऊझ नदी.

ब्रायटनचं नाव मराठी माणसाला शाळेपासून ठाऊक असतं. सावरकरांनी १९०९ मध्ये तिथल्या किनाऱ्यावर बसून सागराला जी हाक घातली, ती आपण तिसरी-चौथीत पाठ करतो आणि पुढे गाण्यातून ऐकत राहतो. त्यामुळे तो समुद्र आपल्या मनात कायमचा ब्रायटनचा झाला. तोच समुद्र, त्याच लाटा, थोडं पूर्वेला सरकलं की न्यूहेवनच्या बंधाऱ्यावर आपटतात. पण त्यांचं नाव कुणी घेत नाही. नाव न घेतलं जाण्याची या गावाला सवय आहे. त्याहून गमतीची गोष्ट अशी, की या गावातून जी मोठी माणसं गेली-आली त्यांतली बहुतेक स्वतःचंही नाव न घेता गेली-आली.

सुरुवात अर्थात राजापासून करायची.

१८४८ च्या फेब्रुवारीत पॅरिसमध्ये क्रांती झाली आणि फ्रान्सचा राजा लुई-फिलिप याने २४ तारखेला गादी सोडली. वय ७४. हा राजा तसा राजासारखा नव्हताच. छत्री घेऊन रस्त्यात फिरायचा, लोकांशी हात मिळवायचा, स्वतःला नागरिकांचा राजा म्हणवून घ्यायचा. व्यंगचित्रकारांना त्याचं गालफड इतकं आवडलं, की त्यांनी त्याचं थेट पेअर नावाचं फळ करून टाकलं. पुढे नुसतं फळ काढलं तरी लोकांना राजा दिसायचा. पळून जाण्याचाही त्याला सराव होता. तरुणपणी पहिल्या क्रांतीच्या धामधुमीत तो स्वित्झर्लंडमधल्या एका शाळेत खोट्या नावाने भूगोल शिकवत होता. म्हातारपणी पुन्हा तोच भूगोल उपयोगी पडला.

राजा-राणी लपतछपत नॉर्मंडीच्या किनाऱ्यापर्यंत आले खरे, पण खाडी ओलांडायची कशी? तिथे ब्रिटिश वकील, म्हणजे कॉन्सल, होते जॉर्ज फेदरस्टनहॉ. माणूस मूळचा भूगर्भशास्त्रज्ञ. अमेरिकेच्या सरकारने खडक तपासायला नेमलेला पहिला भूगर्भशास्त्रज्ञ तो हाच. खडकांवरून राजांकडे वळायला त्याला फारसा वेळ लागला नाही. त्याने ठरवलं, की राजा म्हणजे आपला काका. काकाचं नाव विल्यम स्मिथ. एवढं लांबलचक आडनाव स्वतः मिरवणाऱ्या माणसाने दुसऱ्याला द्यायला इंग्लंडमधलं सगळ्यात सोपं आडनाव निवडावं, याला मी शहाणपण म्हणतो. राजाचे कल्ले उतरवले, डोळ्यांवर चष्मा चढवला, अंगावर जाडाभरडा कोट आणि डोक्यावर टोपी. ल आव्हरच्या धक्क्यावर वकीलसाहेबांनी चार लोकांना ऐकू जाईल अशा बेताने काकांची ख्यालीखुशाली इंग्रजीत विचारली. काकांनीही इंग्रजीत उत्तर दिलं. काकांचं इंग्रजी चांगलं होतं, कारण आधीच्या वनवासात ते अमेरिकेत आणि लंडनजवळच्या ट्विकनहॅममध्ये राहून आले होते.

हे सगळं वकिलाने नंतर परराष्ट्रमंत्री पामर्स्टन यांना पत्रातून कळवलं. सरकारी पत्रव्यवहारात इतकी खूश झालेली पत्रं फार सापडत नाहीत. आयुष्यभर दगड फोडलेल्या माणसाला एका रात्रीत नाटकात मुख्य भूमिका मिळाली होती, आणि ती त्याने गाजवली होती.

एक्सप्रेस नावाची आगबोट ३ मार्चला न्यूहेवनसमोर आली. समुद्र खवळलेला. मोठी बोट आत घेणं अवघड, म्हणून काका-काकूंना छोट्या होडीतून किनाऱ्याला आणलं. दाढी वाढलेला, झोप न झालेला, उसन्या कोटातला हा म्हातारा पुलाजवळच्या ब्रिज इन नावाच्या खानावळीवजा हॉटेलात शिरला. हॉटेलची मालकीण कोण? सांगतात की तिचंही आडनाव स्मिथ. आता काय बोलायचं! बाई दारात उभी, समोर मिस्टर आणि मिसेस स्मिथ, आणि तिघांपैकी खरी स्मिथ एकच. तोपर्यंत गावाला बातमी लागली होती. आजूबाजूचे जमीनदार, व्यापारी, रिकामटेकडे, सगळे भेटायला आले. राजा सगळ्यांशी हसून बोलला. जिवावरचं टळल्यावर माणूस असा सैल बोलतो, त्यात राजा काय आणि रंक काय. ब्रायटन-लंडन लोहमार्गाचा न्यूहेवनला येणारा फाटा सुरू होऊन जेमतेम तीन महिने झाले होते. त्याच कोऱ्या रुळांवरून पदच्युत राजा दुसऱ्या दिवशी लंडनच्या दिशेने गेला आणि सरेतल्या क्लेअरमाँट इथे राहू लागला. १८५० मध्ये तिथेच वारला.

न्यूहेवनला एक रात्र राजा मिळाला तो असा. आणि तोही स्मिथ म्हणून.

याच्या बारा-तेरा वर्षांनंतर, फ्रेंच आपल्यावर चालून येणार अशी इंग्लंडला पक्की खात्री झाली. गादीवर आता तिसरा नेपोलियन होता. पामर्स्टननी किनाऱ्याभर किल्ले बांधायचा सपाटा लावला, त्यातला एक न्यूहेवनच्या टेकडीवर आला. आराखडा केला जॉन आर्डा नावाच्या २२ वर्षांच्या लेफ्टनंटने. या पोराने भिंतींसाठी काँक्रीट वापरलं. लष्करी बांधकामात इतक्या मोठ्या प्रमाणावर काँक्रीट त्याआधी तिथे कुणी वापरलेलं नव्हतं. काम पुरं होईस्तोवर १८७१ उजाडलं, आणि तोवर गंमत झाली. ज्या नेपोलियनला अडवायला किल्ला, तो प्रशियाकडून हरला आणि आधीच्या राजासारखाच आसऱ्याला इंग्लंडात आला. तो उतरला डोव्हरला. न्यूहेवनचा हाही मान हुकला. बाकी किल्ल्याच्या खालून फ्रान्समधल्या दिएपला जाणारी फेरी बोट रोज सुटत होती, भरभरून फ्रेंच प्रवासी आणत होती आणि तोफांना कुणी विचारत नव्हतं.

त्या बोटीतून १८९७ च्या मे महिन्यात एका रात्री ऑस्कर वाइल्ड गेले. १९ तारखेला सकाळी पेंटनव्हिलच्या तुरुंगातून सुटका झाली. दोन वर्षांची सक्तमजुरी संपली होती. दिवस मित्रांशी बोलण्यात गेला आणि दिवसाची बोट चुकली, हे अगदी त्यांच्या स्वभावाला धरून. मग रात्रीची बोट. मित्र रेगी टर्नर याने त्यांच्यासाठी प्रसाधनाची एक पेटी घेतली होती आणि तिच्यावर एस. एम. ही अक्षरं उठवली होती. सेबॅस्टियन मेलमॉथ हे नाव वाइल्डनी पुढच्या आयुष्यासाठी घेतलं होतं. त्यातला मेलमॉथ त्यांच्या आईच्या नात्यातल्या एका लेखकाच्या कादंबरीतून आलेला, शाप घेऊन भटकणारा. ज्या माणसाच्या नावावर दोन वर्षांपूर्वी लंडनची थिएटरं भरत होती, त्याच्या सामानावर आता ही दोन परकी अक्षरं. पेटीचं कातडं नवं होतं, मित्राने प्रेमाने घेतलेली वस्तू होती. पण मला ती अक्षरं पाहिल्यासारखी दिसतात आणि पुढे विनोद सुचत नाही.

पहाटे दिएपला उतरल्यावर त्यांनी रॉबर्ट रॉस या मित्राच्या हाती तुरुंगातल्या कागदांवर लिहिलेलं ते प्रचंड पत्र ठेवलं, जे पुढे डी प्रोफंडिस म्हणून छापलं गेलं. इंग्लंडात ते परत कधी आले नाहीत. दिएपजवळच्या खेड्यात राहून तुरुंगावरची दीर्घ कविता लिहिली. ती १८९८ मध्ये आली तेव्हा लेखकाच्या जागी होतं सी. ३. ३., म्हणजे त्यांच्या कोठडीचा क्रमांक. एकदा नाव सुटलं की माणूस कुठवर जातो!

खोट्या माणसांनीही या बंदराचा उपयोग केला आहे. खोटी म्हणजे गोष्टीतली. शेरलॉक होम्सला मारायचं असं कॉनन डॉइलनी १८९३ मध्ये ठरवलं. त्या शेवटच्या म्हणून लिहिलेल्या कथेत होम्स म्हाताऱ्या इटालियन पाद्र्याच्या वेषात गाडीत बसतो. सोबतचा मित्र वॉटसनही ओळखत नाही. मागे त्याचा शत्रू मोरिआर्टी खास गाडी करून धावतोय. होम्स कँटरबरीला उतरतो, दोघं सामानाच्या ढिगाआड दडतात, मोरिआर्टीची गाडी धडधडत पुढे जाते, आणि बेत असा, की आडवाटेने न्यूहेवन गाठायचं आणि तिथून दिएप. इथे होम्सला एक प्रश्न पडतो. मोरिआर्टीचा नव्हे, जेवणाचा. आत्ताच लवकर जेवून घ्यावं, की न्यूहेवनच्या स्टेशनवरच्या खाण्याच्या भरवशावर उपाशी राहावं? युरोपातला सगळ्यात भयंकर गुन्हेगार मागावर असताना हा माणूस न्यूहेवनच्या कँटीनचा विचार करतो, यावरून तो खरा इंग्रज होता हे सिद्ध होतं. जगाच्या साहित्यात न्यूहेवनची एवढीच जाहिरात झाली, आणि तीही उपासमारीच्या संदर्भात.

नावांची खरी श्रीमंती मात्र एका स्वयंपाक्याकडे होती. व्हिएतनामचा एक तरुण ५ जून १९११ रोजी सायगॉनहून एका फ्रेंच जहाजावर मुदपाकखान्यातला हरकाम्या म्हणून चढला. आईबापांनी ठेवलेलं नाव एक, शाळेतलं दुसरं, जहाजावर त्याने सांगितलं बा. पुढे काही वर्षं तो लंडनमध्ये होता. हेमार्केटच्या कोपऱ्यावर जिथे कार्लटन हॉटेल होतं, तिथे त्याच्या नावाची पाटी आहे. याच काळात त्याने न्यूहेवन-दिएप बोटीवर केक-पेस्ट्री करण्याचं काम केलं असं सांगतात, आणि न्यूहेवनने ती आठवण कौतुकाने जपली आहे. हिंदकळत्या बोटीच्या पोटात भट्टीसमोर उभं राहायचं, पीठ हाताखाली आणि पाय जागेवर ठेवायचे, वर डेकवर निम्मे प्रवासी कठड्याला ओणवे. अशा गिऱ्हाइकांसाठी मलईचे पदार्थ करायला लागणारी चिकाटी ज्याच्याकडे असेल, त्याच्याशी युद्ध करू नये, हे फ्रान्सला आणि नंतर अमेरिकेला कुणी सांगितलं नाही. कित्येक टोपणनावं वापरून झाल्यावर या माणसाने जे नाव कायमचं ठेवलं ते हो चि मिन्ह.

पहिल्या महायुद्धात गावाचंच नाव घेणं अवघड झालं. फ्रान्समधल्या फौजेला दारूगोळा आणि रसद इथून जायची, म्हणून १९१६ पासून परवान्याशिवाय कुणाला आत येता येईना. दुसऱ्या महायुद्धात, १९ ऑगस्ट १९४२ च्या दिएपवरच्या हल्ल्यासाठी जी बंदरं निवडली त्यांत हेही होतं. जवळजवळ पाच हजार कॅनेडियन सैनिक त्या मोहिमेत होते. नऊशेहून अधिक मेले, आणखी कितीतरी पकडले गेले. एरवी चार तासांत लोक सहलीला जातात तोच हा रस्ता. गावात त्यांचं स्मारक आहे.

आणि १९७४ मध्ये, लंडनमध्ये मुलं सांभाळणाऱ्या एका तरुणीच्या खुनानंतर, संशयित लॉर्ड लुकनने मित्राकडून आणलेली गाडी न्यूहेवनच्या एका रस्त्यावर उभी सापडली. गाडी सापडली, माणूस सापडला नाही. मरणाचा दाखला निघायला २०१६ साल उजाडलं. जगभरात तो दिसल्याच्या बातम्या इतकी वर्षं येत राहिल्या. त्या तरुणीबद्दल मात्र फारसं कुणी लिहिलं नाही. ती गोष्ट तेवढ्यावरच सोडतो.

एवढी माणसं नाव बदलून इथूनच का गेली? कारण साधं आहे. डोव्हरला नजर असायची. पोलीस, वार्ताहर, ओळखीचे चेहरे, सगळे तिथे. लंडन-पॅरिस अंतर नकाशावर मोजलं तर न्यूहेवन-दिएपचा रस्ता जवळचा, पण समुद्रातला पल्ला लांब; त्यामुळे तिकीट स्वस्त आणि पोट बिघडण्याची हमी. घाईचा आणि पैशाचा प्रवासी डोव्हरला जायचा. ज्याला घाई नाही, किंवा घाई आहे पण दाखवायची नाही, तो इकडे यायचा. शिवाय आजारी माणसाकडे कुणी निरखून बघत नाही.

दुसरं कारण माझ्या मनातलं. या गावाला कुणाला नाव विचारण्याचा नैतिक अधिकारच नाही. ते स्वतः मूळचं मीचिंग. ऊझ नदी तेव्हा समुद्राला मिळायची ती पूर्वेला सीफर्डपाशी. गोट्यांचा बांध साचत साचत नदीचं तोंड तिकडे ढकललं गेलं होतं, आणि पाणी तुंबून वरची कुरणं बुडायची. सोळाव्या शतकात लोकांनी मीचिंगजवळ बांध फोडून नदीला सरळ वाट करून दिली. नदी इकडे आली, बंदर इकडे आलं, आणि मीचिंगने नवं नाव लावलं. सीफर्डचं काय झालं? बंदर गेलं, गाळ राहिला. पण पार्लमेंटमधल्या दोन जागा राहिल्या, आणि त्या १८३२ पर्यंत निष्ठेने विकल्या गेल्या. पंतप्रधान जॉर्ज कॅनिंग शेवटी सीफर्डचेच खासदार होते. बंदराविना बंदर चालवणारे मुरब्बी लोक.

पश्चिमेकडचा शेजारी तर याहून वरचढ. १९१६ मध्ये चार्ल्स नेव्हिल नावाच्या जमीन-विकासकाने कड्यावरच्या मोकळ्या माळावर गाव वसवायचं ठरवलं आणि गावाला नाव सुचवायची स्पर्धा वर्तमानपत्रांतून लावली. जिंकलं न्यू अँझॅक-ऑन-सी. वर्षभरात ते रद्द करून पीसहेवन केलं. प्लॉट फुकट म्हणून वाटले, फक्त कागदपत्रांचा खर्च तेवढा घेतला. हा ‘फक्त’ आपल्याकडे फार जुना आणि ओळखीचा आहे.

न्यूहेवनमध्ये स्टेशनही असं एक होतं, जे होतं आणि नव्हतं. बंदरालगतचं न्यूहेवन मरीन. छप्पर धोक्याचं झालं म्हणून २००६ मध्ये प्रवाशांना बंद केलं. पण इंग्लंडात स्टेशन कायद्याने बंद करायचं म्हणजे सुनावण्या, हरकती, अहवाल. त्यापेक्षा ते कागदावर चालू ठेवणं सोपं. म्हणून रिकामी गाडी तिथवर जाऊन यायची, आत कुणी नाही, फलाटावर कुणी नाही. २०२० मध्ये एकदाचं ते अधिकृतपणे बंद झालं. सरकारी कामाचा आपला अभिमान थोडा कमी करावा लागला.

या सगळ्यात स्वतःच्या नावाने जगला आणि स्वतःच्या नावाने पुरला गेला असा एक गाववाला मला सापडला: थॉमस टिपर, बियर बनवणारा. १७८५ मध्ये वारला. सेंट मायकेल चर्चच्या आवारात त्याचा दगड उभा आहे आणि त्यावर पद्यात त्याचं वर्णन कोरलंय. मनातलं बोलायला न घाबरणारा, हुडिब्रास हे उपहासकाव्य तोंडपाठ असलेला, उत्तम कडक बियर करणारा. आणि वाचकाला शेवटी सल्ला, की जमलं तर याच्याहून जास्त हस. थडग्यावर असा हुकूम मी दुसरीकडे पाहिला नाही. त्याच्या बियरची चव म्हणे विहिरीच्या किंचित मचूळ पाण्यामुळे यायची. तशी ती दुसरीकडे कुणाला जमली नाही. राजा चौथा जॉर्ज तिचा चाहता होता, ब्रायटनला आला की मागवायचा.

इथवर ठीक. पण पुढे डिकन्सच्या मार्टिन चझलविटमध्ये मिसेस गँप नावाची ती पिणारी सुईण हीच बियर मागते, तेव्हा तिचं नाव काय घेते? ब्रायटन टिपर. पाणी न्यूहेवनचं, माणूस न्यूहेवनचा, विहीर न्यूहेवनची, आणि बाटलीवर गाव ब्रायटनचं.

तुम्ही कधी दिएपची बोट पकडायला तिकडे गेलात, तर वेळ काढून टेकडीवरच्या त्या आवारात चक्कर मारा. दगड शोधायला त्रास पडत नाही. खायचं मात्र आधीच बघून ठेवा, होम्सची शंका रास्त होती. आणि तिकिटावर पासपोर्टवरचंच नाव असू द्या. हल्ली काउंटरवर मिस्टर स्मिथ चालवून घेत नाहीत.